सिगारेट ओढणारे डॉक्टर: इंग्लंड, अमेरिका, जपान, चीन आणि आपण

चष्मिष्ट (धागाकर्ता):

डॉक्टरच्या खिशात सिगारेटचं पाकीट दिसलं की आपल्याला चमकायला होतं. पण हे चमकणं तसं अलीकडचंच. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेत डॉक्टरच्या तोंडात सिगारेट असणं ही कुणाला सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. पुढे काही देशांतल्या डॉक्टरांची सिगारेट जवळपास सुटली, काही देशांतल्यांची नाही. शिकतात सगळे तेच, फुप्फुसही सगळ्यांचं तेच. मग फरक पडला कशाने? बरेच दिवस या विषयावर वाचत होतो, ते इथे टाकतो. डॉक्टर सभासदांनी भर घालावी, बाकीच्यांनी यथेच्छ खेचावी.

सुरुवात इंग्लंडपासून, कारण डॉक्टरांच्या सिगारेटीचा खरा कामाचा हिशेब तिथेच झाला. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या इस्पितळांतले रुग्ण विचारून-तपासून १९५० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख छापला. फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसत होता. डॉल यांचा आधीचा संशय भलतीकडेच होता: मोटारींचा धूर आणि रस्त्यांवरचं डांबर. ते स्वतः सिगारेट ओढायचे. आकडे जुळत गेले तशी अभ्यास चालू असतानाच त्यांनी ती सोडून दिली.

पण आजारी माणसाला ‘पूर्वी किती ओढायचात’ विचारून काढलेलं उत्तर बऱ्याच जणांना पटेना. म्हणून हिलनी उलटा रस्ता धरला. आज धडधाकट असलेल्यांना विचारून ठेवायचं आणि मग वाट बघायची. ऑक्टोबर १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास साठ हजार नोंदणीकृत डॉक्टरांना पत्रं गेली, सोबत मोजक्या प्रश्नांचा कागद. चाळीस हजारांवर उत्तरं आली, त्यात पुरुष डॉक्टर ३४,४३९. डॉक्टरच का? त्यांचा पत्ता वैद्यकीय नोंदवहीत कायम सापडतो, ते नीट उत्तर देतात, आणि गेले तर कशाने गेले याची नोंद बिनचूक असते. हिशेबी डोकं म्हणतात ते हे.

फार थांबावं लागलं नाही. १९५४ च्या पहिल्या लेखात पस्तिशीपुढच्या पुरुष डॉक्टरांतले ७८९ मृत्यू मोजले होते. त्यातले ३६ फुप्फुसाच्या कर्करोगाने, आणि त्या ३६ जणांत कधीच न ओढणारा एकही नव्हता. अभ्यास मात्र तिथे थांबला नाही, चांगला पन्नास वर्षं चालला. २००४ मध्ये शेवटचा हिशेब आला: जन्मभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात. साठीत सोडली तर त्यातली तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी दहा.

आता मला भावलेला भाग. हे डॉक्टर स्वतःच्याच व्यवसायबंधूंच्या मृत्यूचे आकडे स्वतःच्याच साप्ताहिकात वाचत होते. परदेशातले कुणी नाहीत, प्रयोगशाळेतले उंदीर नाहीत. ‘आपल्यातले’ इतके गेले, असं. या गटातलं ओढणाऱ्यांचं प्रमाण १९५४ मध्ये ६२ टक्के होतं, ते १९९० मध्ये १८ टक्क्यांवर आलं. त्याच काळात सरकार काय करत होतं? फेब्रुवारी १९५४ मध्ये आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी पत्रकार परिषद घेऊन हा संबंध मान्य केला, आणि परिषदभर स्वतः एकामागून एक सिगारेटी ओढल्या!

अमेरिकेचा किस्सा वेगळा आहे, तो खाली कुणी तरी लिहीलच. नाहीतर मी लिहितो.

माझं म्हणणं एवढंच: सिगारेट वाईट हे कळल्यामुळे डॉक्टरांनी ती सोडली, हे अर्धंच खरं. कळलं सगळीकडेच. सुटली तिथे, जिथे डॉक्टरांच्या आपापसातल्या वागण्यातून ती बाहेर पडली.

---

तिरकस तात्या:

आमच्या फॅमिली डॉक्टरांचं ब्रीदवाक्य होतं, ‘मी सांगतो ते करा, मी करतो ते बघू नका.’ टेबलावर ॲशट्रे आणि भिंतीवर गणपती. दोघांनाही रोज नैवेद्य.

---

आकडेमोड:

धागा उत्तम. एक खुसपट काढतो, माझा धंदाच तो आहे.

६२ वरून १८ टक्के हा आकडा मांडताना सांभाळून. तो एका ठरावीक गटाचा आहे, ज्यात नवीन माणूस येत नाही. प्रमाण उतरलं त्याची कारणं दोन: काहींनी सोडली, आणि ओढणारे न ओढणाऱ्यांच्या आधी गेले. १९९० मध्ये हिशेबाला उरलेले हे मुळातच टिकलेले लोक. ब्रिटिश डॉक्टरांनी भरपूर प्रमाणात सोडली हे खरंच, पण सगळं श्रेय शहाणपणाला देऊ नका, थोडं यमराजालाही द्या.

आणि रोनाल्ड फिशर राहिले की! आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारा माणूस, कोलकात्याला महालनोबिसांच्या संख्याशास्त्र संस्थेत येऊन गेलेला. हे गृहस्थ पाइप ओढायचे आणि डॉल-हिलच्या निष्कर्षाला शेवटपर्यंत विरोध करत राहिले. त्यांचं म्हणणं, कदाचित एखादा आनुवंशिक गुण असा असेल की ज्याने सिगारेटची ओढही लागते आणि कर्करोगही होतो. शिवाय १९५० च्या आकड्यांतली एक विसंगती त्यांनी बरोबर पकडली होती: धूर छातीत ओढून घेतो असं सांगणारे लोक कर्करोगाच्या रुग्णांत उलट कमी होते. तंबाखू कंपन्यांचे ते सल्लागारही होते. म्हणजे हुशारी, हितसंबंध आणि पाइप असं तिहेरी प्रकरण. ही तिन्ही एका माणसात आली की वाद घालणं कठीण.

---

चष्मिष्ट:

@आकडेमोड, मुद्दा मान्य. गटात नवे लोक येत नाहीत म्हणूनच न्यूझीलंडचे आकडे जास्त बोलके वाटतात. तिथे काही जनगणनांत धूम्रपानाचाच प्रश्न होता, त्यामुळे देशातले झाडून सगळे डॉक्टर मोजले गेले. २०१३ मध्ये नियमित ओढणारे डॉक्टर २ टक्के, पुरुष असोत की बायका. परिचारिकांत मात्र ८-९ टक्के. एकाच इस्पितळात, एकाच छपराखाली.

---

लेस्टरची लेक:

परिचारिकांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी स्वतः नर्स, इथे इंग्लंडात बरीच वर्षं. डॉक्टर ओढताना दिसणं आता खरंच दुर्मीळ. जे ओढतात ते लपून, गाडीत बसून, वर तोंडात पुदिन्याची गोळी टाकून येतात. आम्हा नर्सेसमध्ये आणि हेल्थकेअर असिस्टंट मंडळींत मात्र अजून आहे. रात्रपाळी, पाठदुखी, बारा तास उभं राहणं, पगार बेताचा. ‘नर्सेसना कळत नाही का’ असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं माझं. कळतं हो. सकाळ-संध्याकाळ सीओपीडीच्या (दम कोंडणाऱ्या, फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांना नेब्युलायझर लावतो आम्ही.

बंद जागांत ओढायला इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदी आली, स्कॉटलंडमध्ये त्याच्या आदल्या वर्षी. त्यामुळे आता ओढणारे गेटबाहेर. थंडीत इस्पितळाचा गाऊन, एका हाताने सलाइनचा स्टँड धरलेला, दुसऱ्या हातात सिगारेट, असा रुग्ण इथल्या कुठल्याही मोठ्या इस्पितळाच्या दारात दिसेल.

देशादेशांतल्या डॉक्टरांच्या दृष्टिकोनाबद्दल म्हणाल तर मला सगळ्यात मोठा फरक दिसतो तो वेपिंगबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल. इथे डॉक्टर ओढणाऱ्याला सरळ सांगतात, सोडवत नसेल तर वेपवर या, त्यात धोका बराच कमी. २०२३ मध्ये तर दहा लाख लोकांना वेपचं किट द्यायची सरकारी योजना जाहीर झाली. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर सरसकट बंदी. माझा पुण्याचा मामेभाऊ छातीचा डॉक्टर आहे, त्याच्याशी यावरून दर दिवाळीत कडाक्याचं भांडण होतं. तो म्हणतो, तुम्ही लोक आगीतून फुफाट्यात पाठवताय. मी म्हणते, तुम्ही तर आगीतच बसवून ठेवलंय. अजून निकाल लागलेला नाही.

---

साधीसुधी:

वाचतेय. लेस्टरची लेक, तुमचा मामेभाऊ बरोबर आहे असं माझं मत. शाळेतली पोरं वेप ओढतात त्याचं काय?

---

लेस्टरची लेक:

@साधीसुधी ताई, तो प्रश्न इथेही पेटलेला आहे आणि खराच आहे. पण तीस वर्षं ओढणारा साठीचा ट्रकड्रायव्हर आणि चौदा वर्षांचं पोर, दोघांना एकच औषध कशाला लावायचं?

---

चष्मिष्ट:

अमेरिका कुणी लिहिली नाही, म्हणून मीच.

१९४६ पासून काही वर्षं ‘कॅमल’ची जाहिरात चालली: इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा डॉक्टर कॅमल जास्त ओढतात. पांढरा कोट, हसरा चेहरा, बोटांत सिगारेट. एक लाखावर डॉक्टरांच्या पाहणीचा हवाला असायचा. पाहणीची रीत अशी, की डॉक्टरांच्या अधिवेशनात आधी फुकट कॅमल वाटायच्या आणि मग विचारायचं, सध्या कुठली ओढता? त्याच्या आधी १९३० मध्ये ‘लकी स्ट्राइक’ने २०,६७९ डॉक्टरांची साक्ष काढली होती, लकीने घशाला कमी त्रास होतो म्हणून. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं नियतकालिक सिगारेटच्या जाहिराती १९३३ पासून १९५३ पर्यंत छापत होतं. म्हणजे कंपन्यांना डॉक्टर हा गिऱ्हाईक म्हणून नको होता, जामीन म्हणून हवा होता.

या सगळ्यात इव्हार्ट्‌स ग्रॅहम यांची गोष्ट मला विसरता येत नाही. सेंट लुइसचे नामांकित सर्जन. कर्करोगासाठी अख्खं फुप्फुस काढून रुग्ण जगवण्याची पहिली शस्त्रक्रिया त्यांनी १९३३ मध्ये केली. रुग्णही डॉक्टरच, पिट्सबर्गचा प्रसूतितज्ज्ञ. ग्रॅहम स्वतः भरपूर ओढायचे आणि सिगारेटचा संबंध असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. अर्न्स्ट विंडर नावाच्या विद्यार्थ्याने हट्टाने रुग्ण तपासायला घेतले, आणि १९५० मध्ये दोघांच्या नावावर लेख आला, डॉल-हिलच्याही काही महिने आधी. ग्रॅहमनी मग सिगारेट सोडली. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. ज्याचं फुप्फुस काढलं होतं तो प्रसूतितज्ज्ञ त्यांच्या मागे अजून काही वर्षं जगला.

१९६४ च्या जानेवारीत सर्जन जनरल, म्हणजे अमेरिकी सरकारचे मुख्य आरोग्याधिकारी, ल्यूथर टेरी यांचा धूम्रपानावरचा अहवाल आला, मुद्दाम शनिवारी, शेअर बाजार बंद असताना. १९९०-९१ पर्यंत ओढणारे अमेरिकी डॉक्टर साधारण ३ टक्के उरले होते.

---

योकोहामा_कट्टा:

जपानची बाजू मी मांडतो. इथल्या मेडिकल असोसिएशनने २००० पासून दर चार वर्षांनी आपल्याच सभासदांची पाहणी केली. पुरुष डॉक्टरांत ओढणारे २००० मध्ये २७.१ टक्के, २००४ मध्ये २१.५, २००८ मध्ये १५, २०१२ मध्ये १२.५ आणि २०१६ मध्ये १०.४. उतरत गेले, पण पायरी पायरीने. २००० साली इथले निम्मे पुरुष ओढत होते, त्या मानाने डॉक्टर तेव्हाही निम्म्यावरच होते म्हणा.

एवढा वेळ का लागला? तंबाखू १९८५ पर्यंत सरकारची मक्तेदारी होती, आणि आजही जपान टोबॅकोचा एक तृतीयांश हिस्सा कायद्यानेच सरकारकडे असतो. इस्पितळाचं अख्खं आवार धूरमुक्त व्हायला जुलै २०१९ उजाडला. माझ्या ओळखीचे इथले एक वयस्कर डॉक्टर सांगतात, की तरुणपणी प्रोफेसर सिगारेट पुढे करायचे तेव्हा ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. लायटर तुमच्या हातात असायचा, त्यांची पेटवून द्यायला.

---

चष्मिष्ट:

@योकोहामा_कट्टा, हेच, हेच म्हणतोय मी!

चीनमध्ये याचंच पुढचं रूप दिसतं. २००४ मध्ये सहा शहरांतल्या डॉक्टरांची पाहणी झाली: ओढणारे पुरुष डॉक्टर ४१ टक्के, स्त्री डॉक्टर १ टक्का. अभ्यासक्रम एक, वॉर्ड एक आणि फरक चाळीसपट. ज्ञानाने फरक पडत असता तर हा आकडा असा आला नसता. तिथे सिगारेट ही पुरुषांमधली देवघेव आहे. लग्नात, धंद्यात, सणाला भारी सिगारेटचं खोकं भेट द्यायचं, आणि रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरलाही तेच देणार. सिगारेट कंपनी सरकारी, तिचा महसूल सरकारी आणि डॉक्टरही बहुतेक सरकारी. इटली, ग्रीस, तुर्कस्तान इथेही डॉक्टर बराच काळ सामान्य लोकांच्या बरोबरीने ओढत राहिले. इटलीत २००५ च्या जानेवारीत बंद जागांतली बंदी आली ती मात्र जिरोलामो सिरकिया या आरोग्यमंत्र्याच्या नावाने ओळखली जाते, आणि हा मंत्री पेशाने डॉक्टर.

---

पोस्टड्युटी:

मी सर्जरीचा रेसिडेंट. सरकारी कॉलेज, नाव सांगत नाही. आणि हो, ओढतो.

सगळ्यांचं वाचून झालं, आता आमचं ऐका. इंटर्नशिपपर्यंत मी हात लावला नव्हता. रेसिडेन्सीत सलग छत्तीस तास ड्युटी. ‘सर, मी पाच मिनिटं नुसता बाहेर उभा राहतो’ म्हटलं तर सिनियर सोलून काढेल. ‘सर, खाली जाऊन येतो’ म्हटलं तर तोच म्हणतो, थांब, मीपण येतो. वॉर्डमध्ये आयमाय काढणारा सिनियर टपरीवर माणसासारखा बोलतो. केस कशी चुकली, पुढच्या वेळी टाका कुठे घ्यायचा, थिसिसचं काय करायचं, हे सगळं तिथे कळतं. जो ओढत नाही तो या शाळेबाहेर. आमच्या बॅचच्या मुली खाली येत नाहीत, आणि त्याचा त्यांना तोटा होतो, हे त्यांनीच मला सुनावलंय.

शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांत विक्री नाही हा कायदा आहे. पाटी आमच्या भिंतीवर आहे, टपरी त्या भिंतीला टेकून आहे. सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवाल्याला हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

पेशंटला ‘सोडा’ म्हणून सांगतो का? सांगतो. पण पटकन सांगून पुढच्या खाटेकडे सरकतो. शर्टाला वास येत असतो ना.

---

तिरकस तात्या:

पोस्टड्युटी, प्रामाणिकपणाबद्दल पूर्ण मार्क. सिनियरला कुणी तरी चहाची सवय लावा रे.

---

भुलाबाई_नागपूर:

पोस्टड्युटीचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत हेच दिसतं: स्वतः ओढणारा डॉक्टर रुग्णाला सोडायला कमी वेळा सांगतो, आणि सांगितलं तरी जोर नसतो.

पण मला धाग्याच्या मूळ प्रश्नावरच हरकत घ्यायची आहे. ‘डॉक्टर सिगारेट ओढतात का’ हा साहेबाच्या देशातला प्रश्न. आपल्याकडे तो पुरत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी सगळा माल तोंडात! आमच्याकडे खर्रा, तुमच्याकडे मावा, खेड्यापाड्यांतल्या बायकांची मशेरी, आणि बंदी असूनही गुटखा. डॉक्टरही याला अपवाद नाहीत. ओपीडीत बोलताना हनुवटी जरा वर करून, जीभ न हलवता उत्तर देणारे सहकारी मी पाहिले आहेत. सिगारेटवाल्याला निदान बाहेर जावं लागतं.

मी भूल देते. ऑपरेशनच्या आधी आम्ही रुग्णाला आ करायला लावतो, त्याचीच तीन बोटं उभी तोंडात जातात का बघतो. खर्रा खाणाऱ्यांत कित्येकदा एक बोट मुश्किलीने जातं. आतली कातडी पांढरी पडून दोरीसारखी ताठ झालेली असते. मग नळी तोंडातून घालता येत नाही, जागेपणीच नाकातून दुर्बिणीवर घालावी लागते. पंचविशी-तिशीतली पोरं असतात ही. आणि केसपेपरवर आमच्याच कुणी तरी लिहिलेलं असतं, ‘धूम्रपान: नाही’. खोटं नाही ते. विचारलं तेवढंच लिहिलं. ‘बिडी-सिगारेट घेता का?’ ‘नाही जी.’ झालं. पुडी खिशातच असते, सकाळीच कोपऱ्यावरून घोटून घेतलेली.

आणि हे आपल्या लोकांना ठाऊक नव्हतं असंही नाही. परळच्या टाटा रुग्णालयातून संघवी, राव आणि खानोलकर यांचा लेख १९५५ मध्ये त्याच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. विषय तंबाखू ओढणं आणि चघळणं, दोन्ही, आणि तोंडा-घशाचा कर्करोग. डॉलच्या डॉक्टरांचा पहिला हिशेब छापून आल्यावर वर्षभराच्या आत! तिकडचा अभ्यास आम्हाला पहिल्या वर्षीच पाठ करायला लावला, हा मला एमडी झाल्यावर कळला.

---

आकडेमोड:

भुलाबाई, जबरदस्त. ‘विचारलं तेवढंच लिहिलं’ हे आमच्या अख्ख्या शास्त्राचं दुखणं आहे.

---

साधीसुधी:

भुलाबाई, एक विचारायचं होतं. माझ्या सासूबाई रोज सकाळी मशेरी लावतात, कधी कधी दुपारीही. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मधुमेहासाठी दर दोन महिन्यांनी डॉक्टरकडे नेतो. आजपर्यंत एकाही डॉक्टरने विचारलं नाही. त्या स्वतः तर ‘दात घासते’ एवढंच म्हणतात. सांगायला हवं का?

---

भुलाबाई_नागपूर:

@साधीसुधी, सांगायलाच हवं, आणि त्यांच्या देखत सांगू नका, चिडतील. आधी तुम्ही आत जाऊन सांगा. दाताच्या डॉक्टरकडे एकदा तोंड आतून नीट तपासून घ्या, विशेषतः गालाची आतली बाजू, हिरडी आणि जिभेच्या कडा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट झोंबणं, यातलं काही असेल तर थांबायचं नाही. आणि दुपारची आधी सोडवा, सकाळची सगळ्यात शेवटी. सकाळची सुटणं अवघड असतं, कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही असं त्यांच्या मनात पक्कं असतं.

---

पोस्टड्युटी:

भुलाबाई मॅडम, आमचंही सांगा की काहीतरी. थट्टा नाही, सोडायची आहे.

---

लेस्टरची लेक:

@पोस्टड्युटी, निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या तुझ्या फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात आहेतच, मी काय सांगू. आणि भारतात सरकारची फुकट क्विटलाइन, तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, आहे ना? नंबर पाकिटावरच छापलेला असतो असं वाचलं होतं.

---

पोस्टड्युटी:

असेल. आम्ही पाकीट कुठे घेतो? सुट्टीच घेतो.

---

भुलाबाई_नागपूर:

घे मग इथूनच: १८००-११-२३५६. आणि सिनियरलाही दे.